बागेतल्या पुलाचा खांब

बागेतल्या नाल्यावरचा जुना पूल पाडला, तेव्हा काठावरचा एक दगडी खांब तेवढा तोडायचा राहिला. नवा पूल होईपर्यंत रोज काठाकाठाने लांबचा फेरा पडायचा. गुडघे बोलायला लागले की मी त्या खांबाला कपाळ टेकून, डोळे मिटून दम खायचो. कुणीतरी ते पाहिलं असावं. एका सकाळी खांबावर झेंडूची माळ दिसली, मग शेंदूर लागला. उज्जैनच ते! मजुरांनी हात जोडले, "बाबूजी, अब इसको कौन तोड़ेगा?" शेवटी नवा पूल खांबाला वळसा घालून बांधला, खांबाभोवती जाळी लावली. आता मी टेकू कुठे, डोंबल? जाळीशी धापा टाकत उभा राहतो, तर मागून आवाज येतो, "काका, जरा सरका, दर्शन घ्यायचंय."