गच्चीपर्यंतची तपासणी

डी.एड. कॉलेजच्या प्रवेशासाठी डॉक्टरांचा दाखला लागायचा, म्हणून दर जूनमध्ये मी आमच्या शाळेतल्या मुलींना भिवंडीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायचे. नाडी बघायच्या आधी त्या विचारत, "नाश्ता किया? की तशीच आलीस?" उपाशी मुलीला चहा-बिस्किटं दिल्याशिवाय त्या हातही लावत नसत.

एका वर्षी अंजूरची एक मुलगी वडिलांबरोबर आली. पोलिओने तिचा एक पाय बारीक झाला होता. वडील दारातूनच म्हणाले, "हिला पास न्हाय करनार ना? तसा सांगा, आमी जातो."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. "चल बेटा, गच्चीवर जाऊन येऊ."

दोघी सगळा जिना चढून गेल्या आणि उतरून आल्या. बाई खुर्चीत बसल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "मेरा तो दम निकल गया. तुला काय झालं?"

"मना काय न्हाय झाला," मुलगी म्हणाली.

"मग तू फिट."

त्यांनी दाखल्यावर सही केली. बाहेर पायऱ्या उतरताना वडिलांनी सवयीने मुलीला धरायला हात पुढे केला, आणि क्षणभर थांबून मागे घेतला.