दहा मिनिटं आधी कळवणारे मास्तर

“मास्तर गेले रे बापू... अन् मशीन चालूच हाये.” ताईचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात घरी मेथी निवडत होतो. माझ्या डोक्यात आधी दुसरं वाक्य शिरलं, पहिलं नंतर. ‘कोणतं मशीन?’ असं विचारूनही बसलो. माझं हे असंच. ताई माझी थोरली बहीण आणि मास्तर माझे भाऊजी. खामगावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. त्याला आता दीड महिना होईल.

मशीन म्हणजे त्यांचा लिनक्सवर चालणारा संगणक, भंगारातले सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. तो आतल्या खोलीत. त्यालाच जोडलेला दुसरा पडदा आणि कीबोर्ड बाहेरच्या खोलीत, ताईसाठी. ताई वऱ्हाडी शब्द गोळा करते. बाजारात, लग्नात, मयतीतसुद्धा तिचे कान टवकारलेले. तिचं सगळं लिखाण त्या एका मशीनमध्ये. म्हणून संध्याकाळी ते बंद करताना मास्तर कधी तडकाफडकी बटण दाबत नसत. ‘दहा मिनिटांनी बंद हो’ अशी आज्ञा टाइप करत आणि सोबत एक ओळ, जी ताईच्या पडद्यावर उमटे : ‘बाई, आवरा. आज पिठलं मी टाकतो.’ मधे एकच भिंत, हाक मारली तरी चाललं असतं. पण हातातलं काम नीट ठेवायला माणसाला वेळ मिळालाच पाहिजे, हा त्यांचा नेम.

मी मात्र एकदा मोबाईल चार्ज करायला म्हणून त्या मशीनचा प्लगच उपटला. ताईचे दिवसभराचे शब्द गेले. मशीन उठेना. मास्तर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. “सालेसाहेब,” ते म्हणाले, “खटका दाबायच्या आधी आत कोन बसलं हाये, थे तरी पाहा.” मग जेवण सोडून ते दुरुस्तीला बसले आणि मला वही देऊन ताईसमोर बसवलं. तिला आठवतील ते शब्द मी उतरवायचे. ती सांगत होती आणि मधेमधे माझा उद्धार करत होती. त्यातले काही शब्द तिच्याकडे आधी नव्हते... तेही लिहून घ्यायला लावले.

मास्तर गेल्यापासून ताईनं मशीन बंदच होऊ दिलं नाही. त्या दिवशीची फाईल अर्धी, सेव्ह न केलेली, तशीच उघडी. ती समोर बसायची, पण कीबोर्डला बोट लावत नव्हती. परवा मी गेलो तर इन्व्हर्टरची बॅटरी फुगलेली. दुरुस्तीवाला म्हणाला, “आजच बदलावी लागन, घराची लाईन बंद करा.”

“तू हात नोको लावू बे,” ताई मला म्हणाली. रास्तच होतं. पण मास्तरांच्या वहीत ती आज्ञा पासवर्डासकट लिहिलेली सापडली. आतल्या खोलीत बसून, चष्मा चढवून ती तीनदा वाचली, मग टाइप केली. सोबतची ओळ काही सुचेना. शेवटी लिहिलं : ‘ताई, दहा मिनिटं आहेत.’

बाहेर कीबोर्डची खटखट सुरू झाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि तिचा आवाज आला, रोजचाच, कुरकुरता, “थांबा ना मास्तर, चार शब्द राह्यले अजून!”

मी आज्ञा रद्द केली, वीस मिनिटांची नवी दिली आणि दुरुस्तीवाल्यासाठी चहा टाकायला उठलो.