चांदीचा पेला आणि चंद्रावरचे हत्ती

आज जिला विज्ञानकथा म्हणतात, तिला आम्ही ग्वाल्हेरची मंडळी 'पुढच्या काळाची गोष्ट' म्हणायचो. संक्रांतीच्या सुमारास बाडा या भर बाजारातल्या चौकाजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये या गोष्टींचा मेळावा भरे. दूरचे ग्रह, यंत्रमानव, समुद्राखालची शहरं, असलं काही वाचायची ज्यांना खोड होती ती सगळी मराठी घरं तिथं जमत. तिळगूळ असायचाच, पण आधी संपायची ती गजक, तिळाची खुसखुशीत वडी.

गोष्टीवर लेखकाचं नाव नसे, ते वेगळ्या बंद पाकिटात असे. सगळ्या गोष्टी बाबा वाचायचे. ते सचिवालयात कारकून, पण आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावरचा डुलकी घेणाराही दचकून उठे. टेबलावर प्रत्येक गोष्टीचा एकेक तांब्या मांडलेला असे. ऐकून झालं की ज्यानं त्यानं हातातली सुपारी आवडत्या गोष्टीच्या तांब्यात टाकायची. ज्या तांब्यात सुपाऱ्या जास्त, त्या गोष्टीला चांदीचा पेला. वर्षभर तो लेखकाच्या घरी राहायचा आणि पुढच्या मेळाव्याला परत यायचा.

पेला दिला होता रावसाहेबांनी. संस्थानाच्या काळात हत्तीखाना त्यांच्या घराण्याकडे होता. संस्थान विलीन झालं, हत्ती गेले, आणि रावसाहेबांनी ते उचलून आकाशात नेले. त्यांच्या गोष्टीतला अग्निबाण चंद्रावर उतरो की शुक्रावर, स्वागताला झूल घातलेला हत्ती हजर! मग नाव नसलं म्हणून काय झालं? पहिला हत्ती आला की हॉलभर माना डोलायला लागत. त्यात रावसाहेबांची खुर्ची टेबलाला लागूनच. त्यांच्यासमोर वाकून मुजरा करायचा आणि सुपारी दुसऱ्याच्या तांब्यात टाकायची, एवढी छाती कुणाची? ते स्वतः मात्र आपली सुपारी न चुकता दुसऱ्या कुणाच्या तरी तांब्यात टाकत. बाकी सगळे त्यांच्या. पेला त्यांच्या घरून यायचा आणि त्यांच्याच घरी जायचा.

मी तेव्हा कॉलेजात शास्त्र शिकत होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. मध्यभारत मोडून नवं राज्य होणार, राजधानी ग्वाल्हेरला राहणार नाही, असं घरोघर बोललं जात होतं. भोपाळचं नाव निघालं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. बाबांची बदली झाली तर हा माझा शेवटचा मेळावा, आणि एकदा तरी तो पेला मला हवा होता. म्हणून तयारीच्या बैठकीत मी सरळ म्हटलं, "तांब्यांपुढे पडदा लावा. सारा देश पेटीत मत टाकतो, ते कुणी बघतं का?"

बाबांचा चेहरा उतरला. "तुझं दिमाग ठिकाणावर आहे ना? आजोबांपासून आपण त्यांचं मीठ खाल्लंय!"

रावसाहेब मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "लावा पडदा. पोरगी बिल्कुल बरोबर बोलते. आमची गोष्ट बरी असते की वाईट, हे आम्हाला आजवर कुणी कळूच दिलं नाही. एकदा तरी कळू द्या."

इतके पेले घरी नेलेल्या माणसाला एकही पेला आपला वाटत नव्हता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पडदा म्हणून आईचं जुनं लुगडं बांधलं. लोक आत जाताना चोरासारखे जात आणि बाहेर आल्यावर रावसाहेबांकडे बघून उगाच हसत. तांबे रिकामे केले तेव्हा पेला मुरार छावणीतल्या एका डॉक्टरांच्या बायकोला गेला. माझ्या तांब्यात थोड्या सुपाऱ्या होत्या. रावसाहेबांच्या तांब्यातून एकच पडली, आणि ती बाबांची हे मला विचारावं लागलं नाही.

रावसाहेबांनी स्वतः पेला त्या बाईंच्या हातात दिला, सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या आणि बाहेर पायरीवर उन्हात जाऊन बसले. मी गजक घेऊन गेले.

"तू आम्हाला सुपारी टाकलीस?"

"नाही."

"का?"

"गोष्ट छान चालली होती, रावसाहेब. पण चंद्रावर हत्ती कशाला?"

"इथं कुठं उरलेत, बेटा?" ते म्हणाले. "कुठंतरी तर असायला हवेत ना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी जीभ ती जीभच. "मग ते गेले, हेच लिहा की."

त्यांनी गजकेचा तुकडा मोडून अर्धा मला दिला.

वर्षभरात आईबाबा भोपाळला गेले. मी परीक्षेसाठी आत्याकडे राहिले. आता कुठला मेळावा, असं सगळेच म्हणत होते, पण संक्रांतीला भोपाळची मंडळी गाडीनं हजर झाली, वळकट्यांसकट. लुगडं पुन्हा बांधलं. त्या वर्षी बाबांनी एक गोष्ट वाचली. पुढच्या काळातल्या एका मुलीला वाळलेल्या चिखलात भलामोठा गोल ठसा सापडतो. पाय कुणाचा, हे शहरात कुणालाच सांगता येत नाही. ती रोज तिथं जाऊन त्या ठशात बसते. अख्ख्या गोष्टीत हत्ती हा शब्द एकदाही नव्हता. कुणाचीच मान डोलली नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आणि माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले, "कुणी प्रोफेसर दिसतो." मी पुढं रावसाहेबांच्या पाठीकडे बघत राहिले.

तो तांब्या भरून सांडला. बाबांनी पाकीट फोडून नाव दोनदा वाचलं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा रावसाहेब, आपलंच नाव ऐकूनही, मान वळवून कोण उठतंय ते मागे बघत होते.

टांग्यातून त्यांना घरी सोडायला मीच गेले. पेला त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. दार सुनेनं उघडलं. पेल्याकडे बघून ती हसली.

"मामंजी, पुन्हा आणलात?"

"पुन्हा नाही गं," रावसाहेब म्हणाले. "पहिल्यांदाच."