प्राणहितेपलीकडे नेलेलं सामान

आत्याबाईंनी विळा पदराला पुसला आणि नाळ कापली. बैलांचं गवत कापायला घेतलेला विळा होता तो. सकाळी त्याने कापलेलं गवत बंडीच्या (बैलगाडीच्या) मागे अजून लटकत होतं. बांधायला दोरा नव्हता, म्हणून तांदळाच्या चुंगडीच्या (पोत्याच्या) तोंडाची सुतळी सोडली. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून मी माझा पदर टरकावला. मूल कोरड्या नाल्याच्या वाळूत, सागाच्या पानांवर ठेवलं होतं. मुलगी होती. लहानखुरी होती, पण चांगली रडली.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. बाळंत झाली ती यमुना, माझी धाकटी जाऊ. बंडी हाकणारे माझ्या घरचे (माझा नवरा), ते दरडीवर पाठ करून उभे होते. आलापल्लीच्या पुढे, सिरोंचाच्या वाटेवरचं जंगल. बंडीत आमचं दिवाळीपर्यंतचं सामान होतं आणि त्यात या कामाची एकही वस्तू नव्हती. विसरली नव्हती. मुद्दाम घेतली नव्हती.

यमुनेचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, प्राणहिता नदीपलीकडे लाकडाच्या एका ठेकेदाराकडे कामाला लागला होता. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पलीकडे तेव्हा हैदराबादचं राज्य, बोली तेलुगू. आम्ही पोंभुर्ण्याकडची माणसं, आमच्या लेखी तो परदेशच. दिराचा निरोप आला की वर्षभर तरी येणं होणार नाही, यमुनेला घेऊन या. पावसात नदी भरली की बंडीला उतार नसतो. म्हणून माघातच निघायचं ठरलं. यमुनेला सातवा सरत होता. आत्याबाई म्हणाल्या, होळीच्या पुढे वेळ आहे, तिकडे पोचून बाळंतपण मी करीन.

सामान बांधायला आत्याबाईंसारखी बाई नव्हती. तांदूळ, ज्वारी, तिखट, मीठ, लाखोळीची डाळ, लोणच्याची बरणी, कंदील, राकेलची बाटली, कुऱ्हाड, दोर, बंडीच्या चाकाला वंगण, चार गोधड्या. इतकं झाल्यावर त्यांनी जातं बाहेर काढलं.

घरचे म्हणाले, "माय, दाराची कवाडं तेवढी राह्यली. तीबी काढून घेऊ काय?"

"चावटपणा नको करू. परक्याच्या जात्यावर दळून खाऊ काय मी?"

जातं बंडीत चढलं.

गावात अधूनमधून दवाखान्याची नर्सबाई यायची. तिने यमुनेला तपासलं आणि एक पुडकं दिलं. उकळून वाळवलेलं फडकं, दोरा, कागदात गुंडाळलेलं कोरं ब्लेड. मी ते लुगड्यांच्या बोचक्यात ठेवलं. आत्याबाईंनी ते काढून फळीवर ठेवलं.

"पोटातल्याचं सामान आधी बांधत नाई. नजर लागते. मोठे, तुले मालूम नाई काय?"

मला माहीत होतं. आमच्याकडे जन्माआधी बाळाचं टोपडंसुद्धा शिवत नाहीत. जन्मल्यावर दुसऱ्याच्या लेकराचं जुनं मागून आणतात. आमच्या घरात सगळी पोरं तशीच झाली होती, माझीसुद्धा. पण ती घरात झाली होती. शेजारी सुईण होती, चूल पेटलेली होती, मागायला घरं होती. हा फरक कुणी बोलून दाखवला नाही.

माझी पोरं माहेरी ठेवली आणि निघालो. वैनगंगा ओलांडली तेव्हा पाणी बैलांच्या गुडघ्याला होतं. पुढे आष्टीला मुक्काम केला. तिथे हॉटेलवाल्याने चहात मीठ घातलं की काय कोण जाणे, घरच्यांनी तो बैलासमोर ओतला तर बैलाने चाटला. यमुना खूप हसली. ती हसरीच होती. तिचं वय असेल अठरा-एकोणीस. घराबाहेर इतक्या लांब पहिल्यांदा निघाली होती आणि दिसेल ते विचारायची. आलापल्लीला सागाचे ओंडके रचलेले पाहून म्हणाली, "बाई, एवढ्या लाकडाची घरं कोणाची होत असतीन?" मी म्हटलं, "आपली नाई, एवढं खरं."

आलापल्लीच्या पुढे जंगल दाट झालं. साग, बांबू, मोह. दिवसा मोराचा आवाज, संध्याकाळी अंगावर येणारी थंडी. रस्ता लाकडाच्या ट्रकांनी उखडलेला होता. जात्याच्या भाराने बंडी मागे दबायची आणि खड्ड्यात गेली की आदळायची. यमुनेने दोनदा कंबर धरली. मी आत्याबाईंना म्हटलं, जातं कुठेतरी ठेवून जाऊ, येताना नेऊ. त्या म्हणाल्या, "माह्या लग्नातलं हाये ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाला लागला. कोरडा होता, नुसती वाळू. बंडी मधोमध रुतली. भार कमी करायला आम्ही तिघी उतरलो. यमुना वाळूतून चालत दहा-बारा पावलं गेली आणि खाली बसली. मला वाटलं दमली. तिच्या पायाखालची वाळू ओली झाली तेव्हा कळलं.

एक माडिया (त्या जंगलातला आदिवासी) माणूस बांबूचा भारा घेऊन चालला होता. त्याने भारा टाकला आणि काही न विचारता गावाकडे पळाला. तो बायकांना घेऊन येईपर्यंत सगळं झालं होतं, विळ्यानेच.

त्यांचं गाव जवळ होतं. त्यांनी यमुनेला खाटेवर घालून नेलं. एका घरात चुलीशेजारी जागा केली, 'येर' (पाणी) तापवलं, तांदळाची पातळ पेज दिली. घरधनीण माझ्याएवढीच असेल. तिला मराठी येत नव्हतं. तिने आपल्या लेकराचं धुतलेलं मऊ फडकं आणून पोरीला गुंडाळलं. आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच्या लेकराचं जुनं मिळालं, रीत सांभाळली गेली. मला म्हणाल्या, "पाह्य, देवाले सगळी काळजी."

भारा टाकून पळालेला माणूस त्या बाईचा नवरा होता. त्याला मराठी येत होतं. त्याने घरच्यांबरोबर जातं उतरवून बंडी वाळूतून काढली, परत जातं चढवलं आणि विचारलं, "भाऊ, कोणच्या मुलुखाले चालले?"

"नदीपलीकडे."

"तिथी दगड नाई भेटत काय?"

घरचे हसले नाहीत. मग तो आत्याबाईंकडे वळला. "बाई, लोणचं आणलं, कंदील आणला. लेकरासाठी फडकं काऊन नाई आणलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "आमच्यात नाई आणत."

कुणाच्या रीतीला तो नावं ठेवणारा नव्हता.

यमुनेला उठवेल तोवर आम्ही तिथे राहिलो. आत्याबाईंनी निघताना त्या बाईला तांदूळ दिले, तिने ते घेतले आणि आमच्या बंडीत वाळलेल्या मोहफुलांची टोपली ठेवली. पोर दूध पीत होती. यमुना तिला सागाची पानं दाखवायची. म्हणायची, "यावर झाली तू, राणी." नाव ठेवलं नव्हतं, ही राणी लाडाचीच.

सिरोंचाला नदीचं पात्र पाहिलं. एवढं रुंद पात्र मी तोवर पाहिलं नव्हतं. पाणी थोडं, वाळू फार, आणि पलीकडचा काठ धुरकट. उन्हं चढली तसे आम्ही उतरलो. बंडी उताराने गेली, आम्ही डोंग्यातून (लाकडाच्या होडीतून). दीर पलीकडे उभा होता. तो पाण्यात मांडीपर्यंत आला आणि डोंग्यातच हात पुढे करून त्याने पोर घेतली. "वजन नाई काऊन इले?" म्हणाला. यमुना म्हणाली, "तुमच्यावर गेली." दीर काटकुळाच होता.

तिथे खोली होती, चूल होती, शेजारी चांगले होते. शेजारची बाई रोज यायची आणि "बिड्डा, बिड्डा" (लेकरू, लेकरू) म्हणत पोरीचे पाय चोळायची. दोन-तीन दिवस असे बरे गेले.

मग एका सकाळी पोर अंगावर प्यायला तोंड उघडेना. यमुनेने बोटाने उघडायचं पाहिलं, जबडा घट्ट. आत्याबाईंनी मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. दुपारी पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं, मान मागे गेली. भांडं वाजलं तरी झटका यायचा. दीर तिला उचलून तिथल्या दवाखान्यात धावला, मागे आम्ही सगळे. डॉक्टरने बेंबी पाहिली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "किससे काटा?"

आत्याबाईच पुढे होऊन म्हणाल्या, "इळ्यानं."

त्याने धनुर्वात सांगितला. औषध दिलं, पण आशा ठेवू नका असंही स्पष्ट म्हणाला. संध्याकाळच्या आत पोर गेली. दिराने नदीकाठी, पूर येणार नाही अशा उंचवट्यावर खड्डा खणला. पोरीला त्या माडिया बाईच्या फडक्यासकट ठेवलं. यमुनेच्या अंगाला दूध येत राहिलं, ते ती मागच्या दारी पिळून टाकायची. तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

आत्याबाई मला एकदाच म्हणाल्या, "ते पुडकं मी काढलं नसतं तर?"

मी म्हटलं, "तर जगली असती."

मी खोटं बोलू शकत नव्हते. त्यांनाही खोटं नको होतं. त्या त्यानंतर माझ्यावर रागावल्या नाहीत, आणि ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

बाकीचं सामान कामाला आलं. तिखट पुरलं, दोर दोनदा उपयोगी पडला, जात्यावर शेजारणीसुद्धा दळून नेत. परमुलखात राहायला काय काय लागतं ते आत्याबाईंना बरोबर कळत होतं. आता आमच्या घरातलं कुणी दूरदेशी निघालं की सामान भरायला मला बोलावतात. मी चौथी शिकलेली बाई, मला विमानातलं काय कळतं? एवढंच सांगते की जे घडायचं पक्कं आहे त्याचं सामान आधी भरा. घडेल असं बोलायची भीती वाटत असेल तर बोलू नका, पण भरा. पोरं मान हलवतात. त्यांना वाटतं म्हातारी कोड्यात बोलते.

दिवाळीनंतर पाणी उतरलं तसे आम्ही निघालो. यमुनेला तिथे राहवेना, तीही आमच्याबरोबर निघाली. दिराला सुट्टी मिळाली नाही, तो पुढच्या साली आला. परतताना त्या नाल्यात पाणी होतं, घरच्यांनी बैलांना न थांबवता बंडी काढली. यमुना गोधडी ओढून पडून होती, झोपली होती की नाही माहीत नाही.

पोंभुर्ण्याला पोचलो ते चौघं: घरचे, आत्याबाई, मी आणि यमुना.