का विकताय, हे इंग्रजीत विचारताना

पाच वर्षं मी माझ्या मेहुण्याशी धड बोललो नव्हतो. लग्नकार्यात समोरासमोर आलो की तो ‘दाजी’ म्हणून वाकायचा, मी ‘हं’ म्हणून जेवणाच्या रांगेकडे वळायचो. कारण एकच, मशीन.

मानपाड्याला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक गाळा, अकरा माणसं आणि पुठ्ठ्याला घड्या पाडून तो मापात कापणारं एक मशीन. ते मी जुनंच घेतलेलं, तामिळनाडूतल्या एका कारखानदाराकडून. त्याला हिंदी येत नव्हतं, मला इंग्रजी. मेहुणा इंग्रजी शाळेत शिकलेला, म्हणून फोनवर बोलायला त्याला बसवला. माझा मिस्त्री तिकडे जाऊन मशीन बघून आला, चालू आहे म्हणाला. तिसऱ्या महिन्यात त्याच मिस्त्रीने सगळा भार पेलणाऱ्या बाजूच्या जाड प्लेटवरचा रंग खरवडला तर खाली वीतभर भेग, वेल्डिंग करून बुजवलेली. ताज्या रंगाखालचं कोणाला दिसणार? ते विचारूनच कळलं असतं. इंग्रजी येणाऱ्या माणसाने ते विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. माझा सगळा राग एवढ्यावर उभा होता.

यंदा ते मशीन कायमचं बसलं. मिस्त्री म्हणाला, “शेठ, आता हार घाला त्याला.” दुसरं एक विकायला असल्याचं दलालाकडून कळलं. पुन्हा तिकडचंच, पुन्हा इंग्रजीच. मालक दहा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर बोलणार होता. हे मशीन चुकलं तर तिसरं घ्यायची माझी ऐपत नव्हती. गाळाच विकावा लागला असता. मी ठरवलं, या वेळी मी विचारणार. कल्याणच्या बाजारात जुनी गोणपाटं विकत मी मोठा झालोय. समोरचा खोटं बोलला तर ते मला त्याच्या तोंडावर दिसतं. पण त्यासाठी आधी प्रश्न तर विचारता यायला हवा.

आमच्या डोंबिवलीच्या घरामागच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणतो.

“दहा दिवसांत इंग्रजी येईल का, बाई?”

“नाही.”

“मग काय येईल?”

“प्रश्न विचारता येतील. रोज सकाळी साडेसातला, अर्धा तास.”

“एक दिवसाआड एक तास करू. मला सकाळी गाळा उघडायचा असतो.”

“घासाघीस करायची असेल तर खाली भाजीवाला आहे,” असं म्हणून बाई दूध तापवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी हजर होतो. बाईंनी वहीत लिहून दिलं, ‘यू आर सेलिंग द मशीन.’ म्हणाल्या, याचा प्रश्न करा. मी शेवटी आवाज चढवला, “यू आर सेलिंग द मशीन?”

“हा प्रश्न नाही, हा नुसता आवाज आहे. ‘आर’ उचला आणि पुढे आणा.”

“आर यू सेलिंग द मशीन?”

“आत्ता कसं!”

असा पुढे आणण्याजोगा शब्द वाक्यात नसेल तर ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ बाहेरून आणायचे. आणि ते आले की मूळ क्रियापदाने आपले अलंकार उतरवून ठेवायचे. ‘डिड इट ब्रोक’ नाही, ‘डिड इट ब्रेक’. हे मी सात वेळा चुकलो. आठव्या वेळी टेबलावर हात आपटला, तर बशीतला चहा वहीवर सांडला. बाईंनी फडकं पुढे केलं. “पुसा. आणि पुन्हा म्हणा.”

चिडायचं खरं कारण मला तिसऱ्या दिवशी कळलं. मराठीत आपण वाक्य सरळ सांगत जातो आणि ‘का’ शेवटी लावतो. ‘तुम्ही हा माल आज उचलणार’ इथपर्यंत बोलायचं, समोरच्याचे डोळे बघायचे, मग वाटलं तर ‘का’ जोडायचा, नाहीतर तसंच सोडून द्यायचं. माझा निम्मा धंदा त्या सोडलेल्या ‘का’वर झालाय. इंग्रजीत ती सोयच नाही. तोंड उघडायच्या आत कबूल करावं लागतं की बाबा, मला हे माहीत नाही, मी विचारतोय. माझ्यासारख्याला हे कपडे काढून बाजारात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या दिवशी बाईंनी माझे घरून लिहून आणलेले प्रश्न वाचले. इज इट नॉट रस्टेड? डज इट नॉट मेक नॉइज? इज द प्राइस नॉट टू हाय? बाईंनी चष्मा काढला.

“रचना बरोबर आहे. पण हे प्रश्न नाहीत हो, आरोप आहेत. तुम्हाला खरंच माहीत नाही असं एक तरी विचारा. ‘व्हाय डिड’ने सुरुवात करा.”

मी विचार न करता म्हणालो, “व्हाय डिड ही नॉट आस्क?”

“‘ही’ म्हणजे कोण?”

“माझा मेहुणा.” आणि मग वेल्डिंगपासून सगळं बाहेर पडलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“त्याला कधी विचारलंत हे?”

“त्याला काय विचारायचं! मला माहितीय.”

“माहितीय, तर ‘व्हाय’ कशाला लावलंत?”

त्या संध्याकाळी मी चपला घातल्या. बायकोने विचारलं, “माझ्या भावाकडे भांडायला चाललाय की बोलायला?”

“विचारायला,” मी म्हणालो.

मेहुणा ठाण्याला कोलशेतला राहतो. दार उघडल्यावर त्याचा चेहरा असा झाला, जणू आमच्या घरी कोणी गेलंबिलंय. पाणी पिऊन मी थेट विचारलं, “त्या दिवशी फोनवर तू मशीनबद्दल नीट का विचारलं नाहीस रे?”

“खरं सांगू, दाजी? चिडणार नाही ना?”

“चिडलेलोच आहे. बोल.”

“तुम्हीच पाय दाबलेला माझा. टेबलाखालून. का विकताय, तेच विचारणार होतो मी. ‘व्हाय आर यू’ एवढं बोललेलो, आणि तुम्ही बुटाची टाच अशी दिली की अंगठ्याचं नख दोन महिने काळं होतं. ताईला दाखवलेलं मी.”

तो सांगत होता आणि मला ते टेबल दिसत होतं, मधोमध ठेवलेला फोन, आणि खाली माझी टाच. जुन्या मालाच्या धंद्यात ‘का विकतोस’ हे विचारत नाहीत. विचारलं की समोरच्याला कळतं, याचं मन बसलंय, आणि भाव चढतो. मालाला नावं ठेवायची, उठायचं, दारापर्यंत जायचं. सोबतचा माणूस जास्त बोलू लागला की पाय दाबायचा. माझ्या हातापायांना ही सवय इतकी मुरलेली की दाबल्याचं मला आठवतही नव्हतं.

“मग नंतर विचारायचंस!”

“तुमच्यापुढे?” तो हसला. “दुसरा पाय शाबूत ठेवायचा होता ना.”

मी हसलो नाही. माफीही मागितली नाही, ती अजून बाकी आहे. पण बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मला हलकं वाटतंय. गेली पाच वर्षं मी समजत होतो की मला इंग्रजी येत नाही म्हणून मी फसलो. ते काही दहा दिवसांत बदलणार नव्हतं. पाय आवरणं मात्र माझ्या हातात होतं. घरी बायकोला म्हणालो, “चूक माझी निघाली.” ती म्हणाली, “आणि पेढे आणल्यासारखं काय सांगताय?”

दहाव्या दिवशी सकाळी अकराला गाळ्यात कॉल लागला. पलीकडे पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा, पाठीमागे मशीन. माझे प्रश्न एका खोक्याच्या झाकणावर देवनागरीत लिहिलेले होते. दोन मिनिटांत कळलं की त्याचं इंग्रजीही मोजकंच आहे, तेव्हा माझा आवाज मोकळा झाला.

“व्हाय आर यू सेलिंग इट?”

तो गप्प. अशा गप्प बसण्यात मी आजवर काहीतरी बोलून मोकळा व्हायचो. या वेळी थांबलो. मग तो म्हणाला, गुडघे गेले, दोन्ही मुली लांब दिल्या, मशीनजवळ उभं राहवत नाही. कारखाना बंद करतोय.

“डिड इट ब्रेक? डिड यू वेल्ड एनीव्हेअर?”

“येस,” तो म्हणाला.

मी शेजारी उभ्या मिस्त्रीकडे बघितलं. म्हातारा फोन घेऊन उठला, लंगडत मशीनच्या मागे गेला आणि बोट ठेवून दाखवलं. हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळीच्या पट्टीवर बोटभर वेल्डिंग, वर रंग नाही. “आय डिड नॉट पेंट,” तो म्हणाला, “बायर शुड सी.” माझ्या आधी तिघं बोलून गेलेले, सगळ्यांनी फक्त भाव विचारला, असंही त्याने सांगितलं. माझा मिस्त्री कानाशी कुजबुजला, “जाळीला आहे, शेठ. तिथे भारच येत नाही. घ्या.”

मग म्हाताऱ्याने मला विचारलं, “विल यू रन इट? ऑर ब्रेक अँड सेल?”

बाईंनी मला प्रश्न शिकवले होते, उत्तरं नाहीत. मी म्हणालो, “रन. डेली. इलेव्हन पीपल.” त्याने मान हलवली आणि तेव्हा कुठे भाव सांगितला. तो मी पाडलाच, ट्रकचं भाडंही त्याच्याच अंगावर टाकलं. त्यात मला कोणत्याही भाषेची मदत लागत नाही.

गेल्या सोमवारी मशीन उभं राहिलं. मिस्त्रीने बॅटरी घेऊन ते वरपासून खालपर्यंत तपासलं. दाखवलेल्या जागेशिवाय कुठेही वेल्डिंग नव्हतं. दुपारी पहिलं खोकं पडलं, चारही कडा सरळ. माणसं कामाला लागली. मी एक खुर्ची ओढून मशीनजवळ बसलो आणि कितीतरी वेळ कोणावरही ओरडलो नाही.