भुलाबाईचे डोळे

कुसुम, आम्ही वेंगुर्ल्याच्या धक्क्यापाशी आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात बसलो तेव्हा तू इतकी रडत होतीस, की आपले बाबा काय म्हणाले ते तुला ऐकू आलं नसेल. आगबोट लांब, खोल पाण्यात उभी होती. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि पडावाची कड धरून म्हणाले, "थंय पण माती असतलीच, बाये. हात थांबवू नको."

द्विभाषिक राज्य झालं, विदर्भही मुंबई राज्यात आला आणि ह्यांची, जंगल खात्यातल्या साध्या कारकुनाची, बदली थेट चांदा जिल्ह्यात आरमोरीला झाली. आगबोट, मग नागपूरची गाडी, मग छोटी रेल्वे, आणि वडशाला उतरून सर्व्हिस मोटार. उतरले तेव्हा केसांत लाल धूळ होती आणि कुठूनही लाटांचा आवाज येत नव्हता. पहिले कित्येक दिवस त्या शांततेनं माझं डोकं दुखायचं.

आपल्या गावात माणसं डचांची जुनी वखार बघायला येत. बाबा म्हणायचे, "वखारवाले इले नि गेले. आमची शाळा आसा." गणपती घडवायच्या जागेला आपण शाळा म्हणतो, हे इथं सांगितलं की बायका हसतात. पण मी शिकले ती त्याच शाळेत. बाबा होड्यांच्या नाळीवर, पुढच्या टोकावर, वेल काढत, दशावताऱ्यांचे मुकुट रंगवत. आणि गणपतीची रेखणी, म्हणजे डोळे आखायचं काम, एवढं एकच त्यांनी कधी दुसऱ्यावर सोडलं नाही. मी निघायच्या आधीची दोन वर्षं मात्र माझ्यावर सोडलं.

आरमोरीत आमचं बिऱ्हाड कुंभारांच्या गल्लीत होतं. शेजारी गोविंदाभाऊ, म्हातारे कुंभार. भादव्यात ते भुलाबाई घडवत. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. इथल्या मुली तिला कोनाड्यात बसवून महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. त्या वर्षी भुलाबाई बसवायची पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तरी गोविंदाभाऊंच्या ओसरीवर सगळ्या मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी उभ्या होत्या.

"काऊन भाऊ, राहिलं का?" इथली बोली मी नुकती शिकत होते.

"मले दिसत नाई आता, बाई. नाक हाताले लागते, डोळा लागत नाई," ते म्हणाले. "औंदा पोरीइले नाई म्हणून सांगतो."

"मी काढू?"

भाऊंच्या बापाआज्यापासून त्या गल्लीतल्या भुलाबाईला परक्या माणसाचा हात लागलेला नव्हता. शेवटी त्यांनी एक मूर्ती माझ्यापुढं सरकवली.

मी जीव ओतून रेखणी केली, आपल्या गणपतीसारखी. अर्धी मिटलेली, शांत पापणी. गोविंदाभाऊंनी मूर्ती उन्हात नेली, अगदी नाकाशी धरली.

"हात चांगला हाये," ते म्हणाले. "पण हे तं निजून राह्यली, बाई! पोरगी सालभरानं माहेरी आली. ते निजन? ते टकमक पाहीन. माय कुठी हाये, गाय कुठी हाये, सारं पाहीन."

मी मान खाली घातली, कारण माझेच डोळे भरून आले होते. मग मूर्तीच्या मिटल्या पापण्या पुसून टाकल्या आणि मोठे, उघडे, अधाशी डोळे काढले. दोन दिवसांत सगळ्या मूर्ती झाल्या. गोविंदाभाऊ एकेक उन्हात नेऊन बघत, आणि पाच त्यांनी परतही पाठवल्या.

पुढच्या वर्षी गणपती उरकून बाबा आले. तुलाही न सांगता निघाले होते ना? शेजारच्या कोनाड्यातल्या भुलाबाईसमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"ह्ये तुझे डोळे?"

"माझे आणि गोविंदाभाऊंचे."

"ह्यां माका जमूचा नाय," बाबा म्हणाले.

कुसुम, बाबांनी कुणाच्याही कामाला असं म्हटलेलं तू कधी ऐकलंस? आठ दिवस दोघे म्हातारे ओसरीवर बसत. एक मालवणी बोले, एक इथली झाडीबोली. निम्मं कळत नसे, पण मातीत हात घातला की दोघांचं पटे.

त्यानंतर वर्षभरानं बदलीचा कागद आला: रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आपलाच. हे पेढे घेऊनच घरी आले. मी कागद वाचला आणि माझ्या तोंडून निघालं, "मग भादव्यात भाऊंचं कसं होईल?" ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे अर्ज देऊन बदली थांबवून आले. पेढे आम्ही गल्लीत वाटले. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही.

तू दर पत्रात विचारतेस, परत कधी येणार. समुद्राची आठवण येते, जेवताना तर फारच. इथं कुणी गाव विचारलं तर मी अजून वेंगुर्लाच सांगते, जरा मान ताठ करून. पण पत्राच्या मागं घरचा पत्ता लिहिताना हात अडखळत नाही: कुंभार गल्ली, आरमोरी.