नदीपल्याड अडकलेली हर्षा

हर्षाचं दुखणं जन्मापासूनचं, पण त्याला नाव मिळालं ती सातवीत असताना. शाळेत रक्त तपासायला गाडी आली आणि महिन्याभरानं कागद आला, रक्ताचा आजार, सिकलसेल. तोवर घरात सगळ्यांना वाटायचं, पोरगी कामचोर आहे. भाताच्या रोवणीच्या चिखलात उतरली की हिचेच पाय बरे दुखतात! तो कागद वाचून दाखवला तेव्हा तिची माय रुखमा चुलीपुढं बसून राहिली.

सतराव्या वर्षी दुखणं इतकं उसळलं, की तिला चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, एका मिशन दवाखान्यात पंधरा दिवस ठेवावं लागलं. तिथं माधवी सिस्टर नावाची उतारवयातली नर्स होती. ड्युटी संपली की ती हर्षाच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसायची आणि तिचा हात हातात घ्यायची. "येशूच्या अंगातही खिळे गेले होते, बाई," ती एकदा म्हणाली, "त्याले दुखणं समजावून सांगा लागत नाई." एवढ्या एका वाक्यावर हर्षा येशूशी बोलू लागली. पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. घर बौद्धांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ती तिथंच राहिली आणि हर्षाची प्रार्थनाही चालू राहिली. रुखमा म्हणाली, "पोरीले धीर येते ना, मंग झालं."

लग्न झालं. दोनदा पोट राहिलं आणि दोनदा पडलं. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं तिला शिलाई मशीनसकट माहेरी आणून सोडलं. मग उजव्या खुब्याचं हाड झिजलं. आधी विहिरीपर्यंतचं चालणं गेलं, मग अंगणापर्यंतचं. एकोणतिसाव्या वर्षी हर्षाचं जग म्हणजे एक बाज, एक मशीन आणि समोरच्या गोठ्याच्या भिंतीवर उघडणारी एक खिडकी.

एवढंही तिनं सोसलं असतं. पण गावात पत्रूभाऊंच्या घरी दर रविवारी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना व्हायची. तिथं दोन वर्षांपूर्वी बाहेरून एक प्रचारक आला होता. त्यानं हर्षाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि म्हणाला, "ऊठ, चाल!" ती उठली आणि तोल जाऊन पडली. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "बहिणी, तुझा विश्वास कमी पडतोय." त्या दिवसापासून ती प्रार्थनेला बसली, की देवाशी बोलण्याऐवजी स्वतःलाच तपासायची. कुठं कमी पडलो आपण? कोणता संशय राहून गेला? शरीराच्या कोंडवाड्यात ती होतीच, आता मनालाही कडी लागली.

यंदाच्या ऑगस्टमध्ये नदी फुगली. पुलावरून पाणी गेलं आणि दोन बाजूंनी नदी असलेलं ते गाव तालुक्यापासून तुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाच्या कमरेत कळ उठली. दुपारपर्यंत ती पाठीत, छातीत, हातांच्या बोटांत पसरली. दुखण्याच्या गोळ्या संपल्या होत्या. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी नदीपलीकडून फोनवर सांगितलं, "भरपूर पाणी पाजा, अंग गरम ठेवा. डोंगा मिळाला की येतोच." पण त्या धारेत तसली छोटी होडी घालायला कोणी तयार होईना.

रुखमा गरम फडक्यानं पाय शेकत होती. हर्षानं पाय मागं ओढला.

"नको करू, माय! काई होत नाई त्यानं!" ती रडत ओरडली. "माह्यातच खोट आहे. माहा विश्वास पक्का असता तर त्यानं मले असं टाकलं असतं का?"

"कोणी सांगतलं तुले असं?"

हर्षानं दोन वर्षं पोटात ठेवलेली ती गोष्ट सांगितली. कण्हत, तुटक तुटक. रुखमानं फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं, पिळलं.

"तुह्या देवाले मी काई तुह्याएवढी ओळखत नाई," ती म्हणाली. "पण लेकरू दुखण्यानं तळमळून राह्यलं असते, तवा पह्यले बरी हो, मंग मांडीवर घेतो, असं कोणती माय म्हणते का? मी तुले म्हटलं का कधी? मंग तुहा देव माह्याहून कमी आहे का?"

कळ तशीच होती. पाण्याचा आवाज भिंतीपलीकडून येतच होता. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं स्वतःला तपासलं नाही. डोळे मिटून ती मनात म्हणाली, "प्रभू, मले लय दुखते. मी भेलो आहो. तुह्यावर रागबी आहे. घे मले अशीच." आणि तिला जाणवलं, की खाली पडायला आता जागाच उरली नाही, जिथं पडायचं तिथं तो आधीच हात पसरून आहे. दार उघडलं नव्हतं. पण त्या बंद खोलीत ती एकटी नव्हती, आणि नापासही नव्हती. मायच्या मांडीवर डोकं ठेवून ती कण्हत राहिली. लपवून नाही, मोकळ्यानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी थोडं ओसरलं आणि श्रावण ढिवर नावाचा मासेमार डोंग्यातून आशाताईंना घेऊन आला. चौघांनी हर्षाला बाजेसकट उचलून डोंग्यात ठेवलं. तालुक्याच्या गावी, कुरखेड्याच्या दवाखान्यात रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. नऊ दिवसांनी ती घरी आली. खुबा होता तसाच. नागपूरच्या ऑपरेशनचा नंबर कधी लागेल, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पुढच्या रविवारी शेजारच्या विक्कीनं तिला मोटरसायकलवर बसवून पत्रूभाऊंच्या घरी पोचवलं. किती महिन्यांनी ती आली होती. पत्रूभाऊंनी विचारलं, "हर्षाबाई, तुह्यासाठी काय मागू?"

"दुखणं जावो असं मागा, भाऊ. मलेबी तेच पायजे," हर्षा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण नाई गेलं, तर माह्या विश्वासाले माप लावू नका."

पत्रूभाऊंनी मान खाली घातली. कोपऱ्यातल्या बायांनी सरकून तिला पाय लांब करायला जागा दिली, आणि प्रार्थना सुरू झाली.